सीताफळापासून पेशींपर्यंत

आज सकाळी इन्क्युबेटर उघडला, तर तीन आठवडे जपलेल्या पेशींच्या फ्लास्कमधले गुलाबी माध्यम (पेशींना पोसणारा द्रव) पिवळे आणि गढूळ झालेले दिसले. जिवाणूंचा संसर्ग! सगळे ब्लीचमध्ये ओतून देताना कर्करोग संशोधक कमल रणदिवे यांची आठवण झाली, कारण प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याचे हेच काम त्यांनी देशात रुजवले, तेही तयार माध्यमाच्या बाटल्या सहज मिळत नव्हत्या अशा काळात.

पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमलताईंचे एम.एस्सी.चे संशोधन सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर होते. (सीताफळ खाताना मला हे हटकून आठवते.) पुढे मुंबईत डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली आणि बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी व ऊती वाढवण्याचे तंत्र, शिकल्या. मानवी कर्करोगाच्या ज्या हेला पेशी आज माझ्या शेजारच्या फ्लास्कमध्ये धडधाकट वाढत होत्या, त्या १९५१ मध्ये याच गे यांच्या प्रयोगशाळेत प्रथम वाढवल्या गेल्या. मायदेशी परतल्यावर कमलताईंनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध उंदरांवर तपासला. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. मला मात्र १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या स्थापनेतला त्यांचा सहभाग अधिक मोलाचा वाटतो, कारण आज आमच्या खोलीत हूडपाशी (निर्जंतुक हवेच्या कपाटापाशी) बसलेल्या चौघांपैकी तिघी मुली होत्या.

संध्याकाळी द्रवरूप नायट्रोजनमधून गोठवलेल्या पेशींची नवी कुपी काढून पेशी पुन्हा लावल्या आहेत.