माप हललं की जास्त मावतं

आज अख्खी सकाळ टेक्सासच्या गॅरेजमध्ये रायफलची काडतुसं भरण्यात गेली, आणि एकही पुरं झालं नाही. पावडर मेजरमधून, म्हणजे हँडल ओढलं की बारूद मापून टाकणाऱ्या यंत्रातून, दहा मापं काढून काट्यावर टाकली, तर कमी-जास्तीत 0.6 ग्रेनचा फरक! 7000 ग्रेनचा एक पौंड, म्हणजे हे जेमतेम 39 मिलिग्रॅम. पण बंद काडतुसात तेवढ्यानेही दाब बदलतो, जीव शांत राहीना.

आधी संशय काट्यावर. चेक वेट, म्हणजे नेमकं ठाऊक असलेलं वजन, ठेवलं; काटा बरोबर. मग हँडल अगदी सावकाश ओढलं आणि हाताला कचकच जाणवली. यंत्रातल्या फिरत्या ड्रमच्या कडेवर बारुदाचा काडीसारखा लांबट दाणा कापला जात होता. हे दाणे तोंडाशी आडवे अडकतात. एक माप कमी पडतं, पुढचं जास्त. शिवाय हॉपर, म्हणजे वरचा बारुदाचा डबा, तळाला आलेला, आणि माझा हातही कधी जोरात, कधी हळू.

आजी जोंधळे मोजताना कुणाला माप हलवू देत नसे. हलवलं की जास्त मावतं, म्हणायची. आज तिची फार आठवण आली.

हॉपर भरला, हाताची लय एकसारखी ठेवली. आता माप मुद्दाम थोडं कमी टाकतो आणि उरलेले दाणे ट्रिकलरने, म्हणजे थोडे थोडे दाणे सोडणाऱ्या नळीने, काट्यावरच पुरे करतो. सकाळी बारूद भरलेल्या सगळ्या केसेस, म्हणजे काडतुसांची टरफलं, मात्र उलट्या करून रिकाम्या केल्या.