फेरी ब्रह्मगिरीची, पाणी गंगाखेडचं

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची रजा नाशिकच्या कंपनीत मागून बघा. त्या दिवशी त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरी डोंगराची फेरी असते, म्हणून निम्म्या खात्याने ती आधीच मागून ठेवलेली असते.

मी मराठवाड्यातल्या गंगाखेडचा. नोकरीमुळे सातपूरला खोली करून राहतो. इथला पाऊस पहिल्यांदा अंगावर आला तेव्हा वैतागच यायचा. कपडे वाळायचे नाहीत, भिंतीला ओल, सूर्याचं तोंड दिसायचं नाही. त्यात नाशिकच्या धरणांतलं पाणी खाली जायकवाडी धरणात, म्हणजे आमच्या नाथसागरात सोडतात, त्यावरून कॅन्टीनमध्ये कुणीतरी चिमटा काढायचाच, "आमचं पाणी पळवता रे तुम्ही जायकवाडीला!" खोलीवर आलो की मोबाइल बघत पडायचं, एवढाच उद्योग. शेवटी घरमालकीण काकूच म्हणाल्या, "नुसता पडून काय राहतोस? चल फेरीला. पाय दुखतील, डोकं तरी हलकं होईल."

रविवारी रात्री एसटीच्या जादा गाडीत उभ्यानेच त्र्यंबक गाठलं. कुशावर्तावर स्नान करायचं आणि ब्रह्मगिरी उजव्या हाताला ठेवून निघायचं, अशी रीत. छोटी फेरी साधारण 20 किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट. काकू अनवाणी. मी बूट घातले, तर एकदा खाली बघितलं आणि काही बोलल्या नाहीत.

खरं सांगायचं तर सुरुवातीला शांतता वगैरे काही नव्हतं. "बम बम भोले"च्या आरोळ्या, पोरांच्या पिपाण्या, पायाखाली चिखल आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. देवाच्या डोंगराला प्रदक्षिणा घालताना त्याच्याच अंगावर कचरा टाकायचा, हे मला अजूनही कळत नाही. प्रयागतीर्थ मागे पडलं तरी गर्दी तशीच होती.

पहिन्याच्या बाजूला उजाडलं, आणि मग चित्रच पालटलं. धुक्यात डोंगर अर्धाच दिसत होता. कड्यावरून पांढऱ्या धारा लोंबत होत्या, खाली भाताची खाचरं काठोकाठ भरलेली. डोक्यावर इरलं घेतलेल्या दोन बाया वाकून निंदत होत्या. लाखभर माणसं शेजारून चालली होती, पण त्यांनी मान वर केली नाही. चालणाऱ्यांचा आवाज आपोआप उतरत गेला. कुणी सांगितलं म्हणून नाही. चढ होता, दम लागला होता आणि पाण्याचा आवाज मोठा होता.

आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आला की आई आधी पिण्याचा हंडा भरून घेते, मग वापराचा. शेवटची कळशी भरताना टँकरवाल्याच्या तोंडाकडे बघावं लागतं. इथं ते वाटेवर, वाटेखालून, दगडातून वाहत होतं आणि माणसं त्यात चपला धूत होती. मी बूट काढले. ओहोळात पाय सोडून बसलो आणि पाणी डोळ्यांना लावलं. गंगेच्या (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) पुलावरून एसटी जाताना आई हात जोडते, तसे नकळत हात जोडले गेले.

धाडोशीकडे एका पडवीत कोरा चहा मिळाला, गवती चहाची पात घातलेला. आजोबा पैसे घेईनात. मी विचारलं, "बाबा, हे पाणी गंगेलाच जातं ना?"

"नाही, हे वैतरणेला. मुंबईवाले पितात. तुमची गंगा डोंगराच्या पल्याड."

म्हणजे मघाशी हात जोडले ते मुंबईच्या पाण्याला! काकू हसू लागल्या. मला मात्र बरं वाटलं. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस इकडे ओघळला तर अरबी समुद्र, तिकडे ओघळला तर पैठण, गंगाखेड, नांदेड करत थेट बंगालचा उपसागर. कॅन्टीनमधलं आमचं-तुमचं त्या पडवीत बसून फारच बारकं वाटलं.

सापगावच्या पुढे मांड्या भरून आल्या. काकूंनी राजगिऱ्याचा लाडू हातावर ठेवला आणि निवृत्तीनाथांची गोष्ट काढली. आई-वडील, भावंडांबरोबर याच डोंगराची प्रदक्षिणा करताना वाघ आडवा आला, सगळे पांगले, निवृत्ती एकटा चुकला आणि शिरला तो गहिनीनाथांच्या गुहेत. घरच्यांपासून चुकला तिथंच त्याला गुरू भेटला. काकू हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, पण गोष्ट कुणासाठी होती ते कळत होतं.

त्र्यंबकला देवळाची रांग बघूनच बाहेरून नमस्कार केला आणि निवृत्तीनाथांच्या समाधीला जाऊन टेकलो. तिथून आईला फोन लावला. फेरी झाली म्हणून सांगितलं.

"पाय दुखायलेत का?"

"थोडे."

"पाऊस हाय का तिकडं?"

"सकाळपासून थांबलाच नाही."

"पडू दे बाबा. नाथसागर भरू दे," आई म्हणाली, "पण तू भिजू नको."

मी नखशिखांत भिजलेलो होतो. हो म्हणालो.