गाडी पोरापेक्षा नऊ वर्षांनी मोठी

आमच्या गॅरेजमध्ये सध्या गाडी लावायला जागा नाही, कारण तिथे गाडी आहे. १९९८ ची होंडा सिव्हिक, दोन दरवाज्यांची, पाच गिअरची. तिला कधी चारही चाकं असतात, कधी तीन. घरातल्या ज्या दोन गाड्या रोज कामावर जातात, त्या बिचाऱ्या बाहेर दव खात उभ्या असतात.

मालक आमचे चिरंजीव. वय सतरा. गाडी त्याच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी.

भारतातल्या मैत्रिणींना पहिला धक्का वयाचाच बसतो. इथे अमेरिकेतल्या ओहायो राज्यात साडेपंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळतो आणि सोळाव्या वर्षी गाडी एकट्याने चालवता येते. त्याआधी २४ तास वर्गात, आठ तास शिक्षकाशेजारी आणि ५० तास आईबापाशेजारी बसून चालवावी लागते. त्या पन्नासातले दहा तास रात्रीचे. हे पन्नास तास मी भरले. त्या काळात माझा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर इतक्या वेळा दाबला गेला की पोटरीला गोळे यायचे. पण कोलंबसच्या उपनगरात गाडीवाचून इलाज नाही. आमच्याकडून बसथांब्यापर्यंत जायलासुद्धा गाडी लागते.

आमची अट एकच होती. विमा आम्ही भरू, बाकी सगळं तुझं. पोरगा शनिवार-रविवार किराण्याच्या दुकानात पिशव्या भरायचं काम करतो. २०२४ मध्ये ओहायोत किमान वेतन तासाला १० डॉलर ४५ सेंट होतं, त्याला त्याहून थोडं जास्त मिळायचं. दीड वर्षात साठवलेल्या २,६०० डॉलरमधले १,९०० गाडीत गेले. उरले सातशे, आणि यूट्यूबवर तर चार हजार डॉलरचे सस्पेन्शन लावलेल्या सिव्हिका बघून डोळे फाटलेले.

हीच गाडी का, तर त्याचं उत्तर तयार होतं. या पिढीच्या सिव्हिकला पुढे-मागे दोन्हीकडे डबल विशबोन सस्पेन्शन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांनी धरलेलं. २००१ पासून पुढचं बदललं. गाडी हजार किलोच्या आसपास, म्हणजे हलकी. आणि १९९६ ते २००० या पाच वर्षांत एकाच सांगाड्यावर इतके प्रकार निघाले की एकाचे भाग दुसऱ्याला सर्रास बसतात. हे तिसरं कारण तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं. पुढे सगळा खेळ त्यावरच झाला.

विंडशील्डच्या कोपऱ्यातला नंबर त्याने मला वाचून दाखवला होता. सुरुवात 1 या आकड्याने, म्हणजे गाडी अमेरिकेत बनलेली. होंडाचा ईस्ट लिबर्टीचा कारखाना १९८९ पासून इथे ओहायोतच आहे, आमच्यापासून तासाभराच्या आत. जपानी म्हणून आणलेली गाडी निघाली शेजारच्या गावची.

पहिले तीन महिने ‘मॉडिफिकेशन’ या नावाखाली जे काही झालं, त्यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. आधीच्या मालकीणबाईंनी सर्व्हिसची वही नीट ठेवली होती. तीत टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडझाप करवणारा पट्टा, शेवटचा २००९ मध्ये बदलल्याची नोंद होती. हा बेल्ट सात वर्षं किंवा लाखभर मैलांनी बदलायचा असतो. या इंजिनात तो चालू गाडीत तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतात आणि इंजिन संपतं. म्हणजे सातशेपैकी पहिले दीडशे बेल्ट, वॉटर पंप आणि कूलंटचे. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याला स्पॉयलर, म्हणजे मागे डिकीवर लावायचा पंख, हवा होता.

गॅरेजवाल्याने मजुरीसकट सांगितलेला आकडा ऐकून ‘आपणच करू’ असं ठरलं. ‘आपण’ म्हणजे तो आणि मी, कारण नवऱ्याला पाना आणि पक्कड यातला फरक तात्त्विक वाटतो. चिपळूणला माझे वडील, आबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. मी शाळेतून येता येता डब्याची पिशवी घेऊन तिथे जायची, त्यामुळे ग्रीसचा वास मला परका नाही. एवढंच माझं भांडवल.

बेल्ट डाव्या बाजूला असतो. चाक काढायचं, इंजिन ऑइलच्या टाकीखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅकने इंजिन तोलायचं, मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीचा बोल्ट काढायचा. हे शेवटचं वाक्य लिहायला सोपं आहे. या होंडा इंजिनांत तो बोल्ट वर्षानुवर्षं असा घट्ट बसतो की त्याच्यावर लोकांनी दंतकथा रचल्यात. पुली धरून ठेवायचं खास षटकोनी साधन लागतं. ते इथल्या सुट्या भागांच्या दुकानात अनामत रक्कम ठेवून फुकट वापरायला मिळतं, परत केलं की पैसे परत. ही सोय मला फार आवडली. आपल्याकडे शेजारच्या गॅरेजमधून पाना मागून आणायचा, इथे त्याचीच पावती मिळते.

साधन लावलं, लांब दांडी लावली, दोघांनी जोर केला. काही नाही. मग चिरंजीवांनी दांडीवर चार फुटांचा लोखंडी पाइप चढवला. व्हिडिओ कॉलवर आबा होते. ते म्हणाले, “झटका नको देऊ रे, अंगाचं वजन टाक नि थांब.” तो पाइपावर लोंबकळला, मी साधन धरून बसले. बंदुकीसारखा कडाड आवाज झाला आणि मला वाटलं पुलीच फुटली. बोल्ट सुटला होता. चिपळुणात रात्रीचे साडेनऊ वाजले होते आणि आबांनी तिकडे आईला हाका मारून उठवलं.

नवा बेल्ट चढवताना वरच्या पुलीवर ‘अप’ अशी अक्षरं कोरलेली असतात, ती बरोबर वर यायला हवीत. खालची खूणही जुळायला हवी. एक दात इकडेतिकडे झाला तरी गाडी रडते. आम्ही दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा जुळवून इंजिन हाताने सहा फेरे फिरवलं, कुठे अडलं नाही, तेव्हा किल्ली लावली.

एवढं झाल्यावर मग भंगारवाडे. पुण्याच्या मंगळवार पेठेतला जुना बाजार किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची पार्टची दुकानं ज्यांनी पाहिलीत, त्यांना इथलं भंगारही दिलासा देईल. फरक इतकाच की इथे दुकानदार नसतो. दारात दोन डॉलर द्यायचे, आपली हत्यारं घेऊन आत जायचं. शेकडो गाड्या रांगेने रिमवर चढवून ठेवलेल्या. हवा तो भाग स्वतः खोलायचा आणि दाराशी ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. दार म्हणजे दार, आरसा म्हणजे आरसा, गाडी कुठली का असेना. घासाघीस नाही. मला सुरुवातीला हात बांधल्यासारखं झालं.

आमची गाडी स्वस्तातल्या डीएक्स प्रकारातली. काचा हाताने फिरवायच्या, आणि गंमत म्हणजे पाच गिअर असून इंजिनाचे फेरे दाखवणारा काटाच नाही. तो वरच्या प्रकारांना. तर कमी पैशात गाडी ‘वाढवायची’ रीत अशी: त्याच वर्षांतली वरच्या प्रकारातली अपघातात गेलेली सिव्हिक शोधायची आणि कंपनीने तुम्हाला जे दिलं नव्हतं, ते तिच्याकडून घ्यायचं. तिसऱ्या रविवारी एक मिळाली. मीटरचा पूर्ण संच ३५ डॉलरला. मागची प्लगं तीच, तार आधीपासून ओढलेली.

पण त्या मीटरवर मैल आमच्यापेक्षा लाखाने जास्त. इथे हे खपत नाही. मैलांचा आकडा बदलणं हा केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे. मीटर बदललंच, तर खरा आकडा त्यावर यायला हवा. ते जमत नसेल तर शून्यावर आणून दाराच्या चौकटीला तसं लिहून चिकटवायचं. पोराने स्वयंपाकघराच्या टेबलावर दोन्ही संच उघडले, जुन्यातला वेगाचा भाग आकड्यांसकट काढून नव्यात बसवला. काटे हाताला लागू नयेत म्हणून श्वास रोखून. तासभर पोळ्या लाटायला जागा नव्हती.

चाकांत मात्र आपटला. जुन्या अक्युरा इंटेग्राची (अक्युरा हा होंडाचाच ब्रँड) १५ इंची अलॉय चाकं याच गाडीला बसतात. चार बोल्ट, तेच अंतर. शंभर डॉलरला चार मिळाली, टायरचे वेगळे तीनशे. त्यावर साहेबांनी ऑनलाइन चकचकीत काळे नट मागवले. बसवले, फिरवून आणली, दुसऱ्या दिवशी पुन्हा आवळायला गेला तर दोन ढिले. होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचे नट लागतात, बाजारात बहुतेक निमुळते मिळतात. निमुळता नट गोल खळग्यात फक्त काठावर टेकतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. गोल नट पुन्हा भंगारातून आणले, पन्नास सेंटला एक. काळे नट त्याच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवलेत, मीच ठेवायला लावलेत.

गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंगा कापायचा विषयही निघाला होता. त्याच्या वर्गमित्राने ग्राइंडरने कापल्या, आता ती गाडी रस्त्यावरच्या प्रत्येक फटीत उडी मारते. मोठ्या डब्यासारखा सायलेन्सरही झाला बोलून. मी त्याला पुण्यात पोलिसांनी बुलेटचे फटफटे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोडरोलर फिरवल्याचा व्हिडिओ दाखवला. भारतात तर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. ओहायोत वार्षिक तपासणीसुद्धा नाही. धुराची चाचणी आहे, ती क्लीव्हलंडच्या बाजूच्या सात काउंट्यांत. म्हणजे इथे त्याला अडवणारा कायदा फारसा नव्हताच, खिसा होता. खिशाचं मी मनापासून आभार मानते.

एक बदल मात्र मला सगळ्यात आवडतो आणि तो सहा डॉलरचा आहे. या वर्षांच्या सिव्हिका अमेरिकेत चोरीला जाणाऱ्या गाड्यांच्या यादीत वर्षानुवर्षं वर राहिल्या, कारण किल्लीत चिप नाही. पोराने इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाच्या वायरीत एक छोटं बटण घातलं. ते कुठे आहे हे घरात तिघांनाच माहीत. मागच्या महिन्यात नवऱ्याला ते लावायचं आठवलं नाही आणि तो दुकानाच्या आवारात पंधरा मिनिटं स्टार्टर फिरवत बसला.

आता थंडी आली. इथे बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात आणि मागच्या चाकांवरचा पत्रा आधी जातो. आबांना हे समजवावं लागलं नाही. खारं वारं आणि एसटीचा पत्रा त्यांनी रत्नागिरीच्या पट्ट्यात आयुष्यभर पाहिलाय. त्यांनी खालून तेल मारायला सांगितलं, आम्ही मारलं, गॅरेजच्या फरशीची वाट लागली.

त्याची पुढची यादी भिंतीवर आहे. पहिल्या क्रमांकावर इंटेग्राचे मागचे डिस्क ब्रेक. त्याबरोबर ब्रेकचा दाब पुढे-मागे वाटणारा व्हॉल्व्हही बदलावा लागतो, नाहीतर ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी जाम होतात, हे त्याने स्वतःच शोधून लिहिलंय. ब्रेक मात्र एखाद्या जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय गाडी गल्लीबाहेर जाणार नाही, असं मी त्याखाली लिहिलंय. त्याने त्यावर बरोबरची खूण केली आणि शेजारी नवा प्रश्न लिहिला: रविवारी नऊ वाजता येशील का? भंगारवाडा नऊला उघडतो.