कानस आणि सिम्युलेटर

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयटीआयमध्ये, जोडारी (फिटर) व्यवसायाचा निदेशक आहे. प्रवेशाच्या दिवसांत पालक हमखास विचारतात, की सर, आता सगळे मोबाइलवर शिकता येते, तर आमच्या मुलाने दोन वर्षे रोज एसटीने ये-जा का करावी? प्रश्न रास्त आहे. दर वर्षी मी त्याचे उत्तर तोंडी देतो. या वेळी ते नीट लिहून काढतो आहे.

जोडारीच्या मुलाच्या हातात अगदी सुरुवातीलाच कानस, म्हणजे लोखंड घासायचे दातेरी हत्यार, येते. लोखंडी तुकड्याचा पृष्ठभाग सपाट घासायचा आणि लगतच्या बाजू काटकोनात आणायच्या, एवढेच काम असते. कानस पुढे ढकलताना आधी पुढच्या हाताचा दाब जास्त, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा आणि शेवटी मुठीवरच्या हाताचा जास्त, हे तंत्र व्हिडिओत उत्तम दाखवता येते आणि मुले ते वहीत बिनचूक लिहितात. तरीही तुकड्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचे साधन, लावून तो उजेडासमोर धरला, की कडांपाशी फट दिसते, कारण कानस हातात डुलत असते आणि ज्याच्या हातात ती आहे त्याला ते जाणवतच नाही. अशा वेळी मी शेजारी उभा राहतो, कोपर धरून दिशा देतो, पाय सरकवायला लावतो. काही दिवसांनी हाताला वळण लागते. अभ्यासक्रमातील वर्षाच्या १२०० तासांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाला दिलेले आहेत, ते याचसाठी.

२०२० च्या टाळेबंदीत आम्हीही मोबाइलवर वर्ग घेतले. घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला, अशा परिस्थितीत मुलांनी जमेल तेवढा अभ्यास केला, याचे मला आजही कौतुक वाटते. संस्था पुन्हा उघडली तेव्हा व्हर्नियर कॅलिपर या मोजमापाच्या साधनाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर असतो हे सर्वांना पाठ होते. परंतु एकाच तुकड्याचे माप तिघांनी तीन वेगवेगळे सांगितले, कारण कोणी जबडे जास्त दाबत होता, तर कोणी कॅलिपर तिरका धरत होता.

सीएनसी लेथचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कातकाम यंत्राचे, मात्र अगदी उलटे आहे. प्रोग्राममध्ये एक दशांशचिन्ह चुकले आणि जी-झीरो-झीरोच्या आज्ञेवर टूल वेगाने पुढे सरकले, तर ते तुकडा पकडून फिरवणाऱ्या चकवर थेट आदळते. एवढे महागडे यंत्र नवशिक्याच्या हाती सोपवताना माझाही जीव वरखाली होतो. सिम्युलेटरवर, म्हणजे पडद्यावरच्या नकली यंत्रावर, तोच मुलगा घरी बसून पन्नास वेळा चुकू शकतो, प्रत्येक चूक डोळ्यांनी पाहतो आणि यंत्रापाशी येतो तेव्हा निम्मा शिकून आलेला असतो. या बाबतीत ऑनलाइन शिक्षण माझ्या फळ्यावरच्या शिकवण्यापेक्षा सरस आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. मी स्वतः आयआयटीच्या प्राध्यापकांची उत्पादन प्रक्रियांवरील व्याख्याने एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावर रात्री ऐकली आणि ज्या गोष्टी वर्षानुवर्षे केवळ सवयीने करत होतो, त्यांची कारणे मला तेथे समजली. त्या अभ्यासक्रमांचे प्रमाणपत्र हवे असेल, तर अंतिम परीक्षेला मात्र प्रत्यक्ष केंद्रावर जावे लागते.

नोकरी करता करता शिकणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले, ते अशाच लोकांसाठी. शिफ्ट सांभाळणाऱ्या कामगाराला किंवा लहान मूल असलेल्या बाईला रोज वर्गात येणे शक्य नसते. त्यांच्यापुढे ऑनलाइन शिक्षण किंवा काहीच नाही, एवढाच पर्याय उरतो.

म्हणून मी पालकांना सांगतो, की मुलाला कोणते काम शिकायचे आहे ते आधी ठरवा, आणि त्या कामातली चूक त्याला स्वतःला पडद्यावर दिसणार आहे की ती दाखवायला शेजारी कोणी लागणार आहे, हे पाहा. एखादा मुलगा तरीही घुटमळला, तर मी त्याला कार्यशाळेत नेतो आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांनी केलेले मेल-फिमेल फिटिंग त्याच्या हातात देतो. दोन तुकडे एकमेकांत अलगद बसतात आणि उजेडासमोर धरले तरी कोठे फट दिसत नाही. ते कसे जमले, हे त्याने मला नव्हे, त्या मुलांना विचारावे, असे मी सुचवतो.