पुसायचं नाही, टिपायचं: काळ्या पोलोची दसरा ते गुढीपाडवा नोंद

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, पूजेसाठी दारात लावली. सकाळचं तिरकं ऊन बॉनेटवर आलं आणि पोटात गोळा आला. टपापासून बंपरपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चरे. 2017 ची फोक्सवॅगन पोलो, रंग डीप ब्लॅक. आता ही गाडी भारतात नवीन मिळत नाही, त्यामुळे रंग जपण्याला माझ्या लेखी फार किंमत आहे.

धुण्यात मी कसूर करत नव्हतो. दोन बादल्या, तळाला ग्रिट गार्ड (घाण खाली धरून ठेवणारी जाळी), न्यूट्रल शाम्पू, मायक्रोफायबर मिट (धुण्याचा हातमोजा), सगळं होतं. मग एका रविवारी धुऊन झाल्यावर, पुसायच्या आधी, ओल्या बॉनेटवर पांढरा टिश्यू अलगद ठेवून उचलला. त्यावर तांबूस कण. माझं रोजचं जाणं-येणं कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत. फाउंड्रीची वाळू म्हणजे सिलिका, आणि सुट्टीला गगनबावड्याकडे गेलं की जांभ्याची लाल धूळ. वाळूतला क्वार्ट्झ, म्हणजे हीच सिलिका, कडकपणाच्या 1 ते 10 च्या मोह्स पट्टीवर 7 वर बसतो, रंगावरचा पारदर्शक थर, क्लिअर कोट, त्याच्यापुढे लोण्यासारखा. असे दोन-चार कण धुऊनही राहतात. त्यावरून मी शॅमॉय लेदर, म्हणजे गाडी पुसायचं मऊ कातडं, दाबून ओढत होतो. शॅमॉयला लव नसते, कण आत शिरायला जागाच नाही. तो पत्रा आणि कातडं यांच्या मध्ये अडकून फरफटत जातो.

कंपनीचा रंग सगळे थर धरून साधारण 100 ते 150 मायक्रॉन असतो. त्यातला वरचा क्लिअर कोट 40-50. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा, म्हणजे वाचवायचा थर केसाहूनही पातळ. प्रत्येक पॉलिशला त्यातले काही मायक्रॉन जातात. म्हणून ऑक्टोबरअखेर एकदाच मशीन पॉलिश केलं आणि ठरवलं, आता हा हिशेब सांभाळायचा.

नोव्हेंबरात बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून दोन भाग केले. डावीकडे जुनं शॅमॉय, उजवीकडे नवीन ट्विस्टेड लूप टॉवेल (पिळलेल्या धाग्यांच्या लूपचा). बाकी धुणं दोन्हीकडे तेच. तिसऱ्या धुण्यानंतर रात्री टॉर्च मारला तर डावीकडे बारीक रेषा उमटलेल्या, उजवी बाजू स्वच्छ. डावी बाजू पुढे ओढायचा धीर झाला नाही, प्रयोग तिथेच थांबवला.

टॉर्चबद्दल एक गोष्ट. चरे गोल दिसतात म्हणून 'गोल गोल पुसू नका, सरळ पुसा' असं सांगितलं जातं. चरे सगळ्या दिशांना असतात. दिव्याभोवती फक्त प्रकाशाला आडवे पडणारे चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. सरळ पुसल्यानं चरे कमी होत नाहीत, फार तर काही कोनातून लपतात. दाब आणि ओढ कमी केली तरच फरक पडतो.

टॉवेल घेताना मी आता वजन करतो. 50 बाय 80 सेंमी म्हणजे 0.4 चौरस मीटर. पाकिटावर 1200 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) लिहिलं असेल तर टॉवेल 480 ग्रॅम भरायला हवा. माझा स्वयंपाकघरातल्या काट्यावर 462 भरला, चाललं. दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेला, तेच माप आणि तोच आकडा छापलेला, 310 भरला. तो आता काचांना.

डिसेंबरात गाडीच्या उजव्या मागच्या खांबावर (मागच्या दारामागच्या, टप धरणाऱ्या पट्टीवर) अचानक चार समांतर रेषा दिसल्या, बोटभर लांब, अगदी फणीनं ओढल्यासारख्या. टॉवेल बोटांनी चाचपत गेलो. लूप मऊ, काठ मऊ, आणि कोपऱ्यात शिवलेलं सॅटिनचं लेबल. त्याची कापलेली कड वितळवून बंद केली होती, नखानं घासली तर करकर वाजत होती. लेबल शिवणीपासून उसवून काढलं, कात्रीनं कापलं नाही. कापलं की खुंट राहतो. नवीन टॉवेल आला की पाणी लावायच्या आधी हेच काम.

आता खरी प्रगती. तोच काटा वापरून टॉवेल पुसण्याआधी आणि नंतर तोलला. नोझलनं फवारून धुतल्यावर गाडीवरून टॉवेलात साधारण 700 ग्रॅम पाणी येत होतं. मग शेवटचं पाणी मारताना नोझल काढून टाकलं. उघड्या पाइपाचं तोंड पत्र्यापासून चार बोटं लांब धरून टपाच्या मधून सावकाश सोडलं. वॅक्स चांगलं असलं की पाणी थेंबाथेंबानं न राहता चादरीसारखं एकत्र सरकतं आणि जाताना मागचे थेंब ओढून नेतं. तीन धुण्यांत टॉवेलात आलेलं पाणी 300 ग्रॅमच्या आसपास. एक रुपया खर्च नाही, आणि निम्म्याहून जास्त पुसणं वाचलं. माझ्या मते टॉवेलाआधी हे शिकायला हवं.

उरलेल्या पाण्यासाठी ब्लोअर. कॉम्प्युटरची धूळ उडवायला मिळतो तो साधा 600 वॅटचा हातातला पुरतो. आरशांची सांध, दारांचे हँडल, पेट्रोलचं झाकण, नंबरप्लेट, टेललॅम्प, आधी हे मारून घ्यायचं. नाहीतर सगळं कोरडं झाल्यावर आरशातून एक ओघळ येतो आणि आपण त्यामागे फडकं घेऊन धावतो. वायर खांद्यावरून पाठीमागे टाकतो, पत्र्याला लागू देत नाही. मशीन जमिनीजवळ नेत नाही, अंगणातली माती ओढून तेच कण गाडीवर मारतं.

जानेवारीत पाण्याकडे लक्ष गेलं. बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलीग्रॅममध्ये) 640, महापालिकेच्या नळाचं 90. मीटर फक्त चुनाच नव्हे, विरघळलेलं सगळं धरून अंदाज देतो, तरी हिशेब बोलका आहे. बोअरचं 700 मिली पाणी गाडीवरच वाळलं तर 450 मिलीग्रॅमच्या आसपास क्षार मागे राहतात. नळाच्या 300 मिलीचे जेमतेम 27. थेंब वाळताना क्षार कडेला सरकतात, म्हणून डाग कड्यासारखा दिसतो. तापलेल्या बॉनेटवर तो चिकटून बसतो आणि कोरड्या कापडानं घासला की तोच चुना ओरखडा काढतो. आता पहिली धूळ बोअरच्या पाण्यानं काढतो, पण शेवटचं दोन-तीन बादल्या पाणी नळाचं, सकाळी साडेसहाला, गाडी सावलीत असताना. आधी पडलेले, पण अजून ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्म करून, कापडात भिजवून अर्धा मिनिट ठेवून निघाले. लगेच भरपूर पाण्यानं धुतलं.

सध्याची पद्धत अशी. टप आणि बॉनेट अजून ओले असतानाच क्विक डिटेलरचे (रंगावर मारायच्या स्प्रेचे) दोन-तीन फवारे, वंगणासारखे काम करतात. टॉवेलची दोन टोकं धरून तो पत्र्यावर पसरायचा, नुसत्या स्वतःच्या वजनानं पडू द्यायचा, पाच-सहा सेकंद थांबायचं, उचलायचं. हात वरून फिरवायचा नाही. ओढायची वेळ आलीच तर टोकं धरून, तळहाताचा दाब न देता, एकदाच. आडव्या भागांनंतर डिक्की, मग दरवाजांचा वरचा अर्धा भाग तळहातानं टिपत. चाकांच्या वरची पट्टी आणि खालचा भाग वेगळ्या टॉवेलनं, कारण खडी आणि डांबर तिथंच असतं.

टॉवेल अंगणात पडला तर विषय संपला. एकदा पडला तेव्हा पप्पा म्हणाले, "झटकून घे की, एवढा भारीचा टॉवेल!" मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही गेट पुसायला घ्या तो." लूपमध्ये अडकलेला खडा झटकून निघत नाही, तो वॉशिंग मशीनमधूनच निघाला तर निघाला.

वॉशिंग मशीनचाही धडा मिळाला. आईनं माझे टॉवेल बनियन आणि सोलापुरी टॉवेलांसोबत घातले, वर कंडिशनर. दुसऱ्या दिवशी टॉवेल पाणी ओढेचना, नुसतं पुढे ढकलत होता, आणि काळ्या रंगावर सुताचे पांढरे तंतू. कंडिशनरचा थर धाग्यांवर बसतो. चाळीस अंशांच्या पाण्यात लिक्विड डिटर्जंटनं तीनदा धुऊन, शेवटच्या खळबळीत थोडं व्हिनेगर घालून तो परत ओढायला लागला. आता माझे टॉवेल वेगळ्या बादलीत. आईनं त्या बादलीवर स्वतः कागद चिकटवलाय, 'गाडीचे'.

गुढीपाडव्याला परत तेच तिरकं ऊन आलं. ऑक्टोबरच्या पॉलिशनंतर वीस धुणी झाली होती. बॉनेटच्या उजव्या बाजूला टॉर्चखाली मोजून तीन बारीक रेषा, टपावर एकही नाही. डाव्या बाजूचे प्रयोगाचे चरे तसेच ठेवलेत, तुलनेला. अजून हरलोय ते दरवाजांमधल्या चकचकीत काळ्या खांबांवर. ते प्लास्टिक पत्र्यापेक्षा लवकर चरतं, टिपूनही रेषा येतात. येत्या रविवारी तिथं टॉवेल लावायचाच नाही, फक्त ब्लोअर. जमलं का, ते पुढच्या नोंदीत काट्यावरच्या आकड्यासकट लिहितो. आणि कुणी कोल्हापूरच्या उन्हाळ्यात सावलीशिवाय गाडी वाळवत असेल, तर किती वाजता सुरू करता आणि पत्रा किती तापलेला असतो ते मला नक्की सांगा, माझ्या गल्लीत आठनंतर सावली उरत नाही.