प्रोसेसरचा प्रीसेट आणि निवेदिकेचा ‘स’

आमच्या लहानशा सामुदायिक रेडिओ केंद्रावर नवा ऑडिओ प्रोसेसर (प्रक्षेपणापूर्वी आवाजाची पातळी आणि पोत जुळवणारे यंत्र) बसवला, तेव्हा त्यातल्या प्रीसेटच्या, म्हणजे तयार जुळण्यांच्या, यादीतला सर्वांत दणदणीत प्रीसेट आम्ही एकमताने निवडला. आमचा ट्रान्समीटर ५० वॉटचा. खासगी वाहिन्यांच्या शेजारी आपला आवाज दुबळा वाटू नये, एवढाच विचार त्यामागे होता. दुपारपर्यंत सर्वजण खूश होते. मग निवेदिकेने ‘सस्नेह नमस्कार, श्रोतेहो’ असे म्हटले आणि माझ्या टेबलावरच्या रेडिओतून ‘स’ आणि ‘श्र’ तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसे चरचरत बाहेर पडले.

या चरचरीचे मूळ एफएमच्या रचनेतच आहे. खरखर कमी ऐकू यावी म्हणून प्रक्षेपणापूर्वी वरच्या कंप्रता मुद्दाम उचलल्या जातात आणि श्रोत्याचा रेडिओ त्या तेवढ्याच खाली आणतो; या प्री-एम्फसिसचे मूल्य भारतात ५० मायक्रोसेकंद आहे, अमेरिकेत ७५. पन्नासच्या हिशेबाने १५ किलोहर्ट्झला सुमारे १३.७ डेसिबलची वाढ होते. दुसरीकडे, वाहक लहरीचे विचलन, म्हणजे आवाजाबरोबर तिची कंप्रता मूळ जागेपासून जेवढी सरकते ते अंतर, ७५ किलोहर्ट्झच्या पुढे जाऊ द्यायचे नसते. म्हणजे उचललेला ‘स’ छताला टेकतो, आणि दणदणीत प्रीसेटमधला क्लिपर (मर्यादेवरची लहर कापणारा भाग) त्याचे डोके छाटून टाकतो. शेतीच्या कार्यक्रमात ‘चारा’, ‘साचलेले पाणी’, ‘झाडांची छाटणी’ असे शब्द ओळीने येतात, त्यामुळे आमच्याकडे हा दोष लपून राहणे शक्यच नव्हते.

मी प्रथम प्री-एम्फसिस तपासले. ते ७५ मायक्रोसेकंदांवर राहिले असते, तर पन्नासच्या रेडिओवर सगळेच कार्यक्रम टोचरे वाजले असते. सुदैवाने ते बरोबर होते. त्यानंतर बोलण्यासाठी बनवलेला, नावावरून अगदी मिळमिळीत वाटणारा प्रीसेट घेतला आणि त्याची प्रत नव्या नावाने जतन करून तिच्यातच बदल केले. क्लिपरचा ड्राइव्ह, म्हणजे त्यात शिरणारी पातळी, अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने उतरवला आणि वरच्या कंप्रतांच्या पट्टीचा लिमिटर (पातळी मर्यादेबाहेर जाऊ न देणारा भाग) थोडा लवकर काम करील असा ठेवला. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा, हा नियम मी दोनदा मोडला आणि दोन्ही वेळा आधी काय बरे वाजत होते ते आठवेना.

खरा कस लागला तो जात्यावरच्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाला. आजी एक ओवी संपवून श्वास घेत, आणि त्या दोन-तीन सेकंदांत एजीसी (पातळी आपोआप सारखी ठेवणारा भाग) आवाज कमी झाला असे समजून पातळी वर ओढत असे. मग घरातला पंखा आणि मागच्या अंगणातला कोंबडा आजींपेक्षा ठळक ऐकू येत. गेटची मर्यादा, म्हणजे ज्या पातळीखाली एजीसी ओढणे थांबवतो ती, थोडी वर घेतली, तेव्हा शांततेत पातळी आहे तिथेच थांबू लागली. मर्यादा फार वर नेली तर हळू बोलणारा पाहुणा हळूच राहतो, म्हणून इथे मध्यममार्ग शोधावा लागतो.

शास्त्रीय संगीताचा त्रास वेगळा होता. डग्ग्यावर थाप पडली की तानपुरा दबायचा आणि लगेच फुगून वर यायचा. रिलीजचा, म्हणजे दाबलेली पातळी परत वर येण्याचा, वेग कमी केल्यावर, आणि खालच्या पट्टीने वरच्या पट्ट्यांना ओढू नये असे जोडकाम केल्यावर, तो स्थिर झाला. (हे करताना बोलण्याचा प्रीसेट मी मुळीच बिघडवला नाही, संगीतासाठी वेगळी प्रत केली आणि घड्याळावर दोन्हींची अदलाबदल लावून टाकली.)

तुलना करताना दोन्ही प्रीसेटची पातळी कानाला सारखी लागेल अशी जुळवून घ्यावी, कारण मोठा वाजणारा आवाज पहिल्या झटक्यात चांगलाच वाटतो आणि आम्ही फसलो ते तिथेच. अंतिम निर्णय स्टुडिओतल्या स्पीकरवर न घेता स्वस्त रेडिओ, मोबाइलचे इअरफोन आणि जीपमधला संच अशा तीन ठिकाणी, ताज्या कानांनी सकाळी घेतला. मूळ ध्वनिफितच फाटलेल्या आवाजाची किंवा अति दाबलेल्या एमपी३ची असेल, तर कोणताही प्रीसेट तिला वाचवत नाही. अशा फिती मी आता प्रोसेसरपर्यंत पोहोचूच देत नाही.

तो दणदणीत प्रीसेट यादीत अजून आहे. नवा स्वयंसेवक आला की पहिल्याच दिवशी त्याच्यावर बोट ठेवतो. मी त्याला हेडफोन न देता टेबलावरचा रेडिओ देतो आणि निवेदिकेला ‘सस्नेह नमस्कार’ म्हणायला सांगतो.