न फाटलेला कोपरा

दुपारी दीडचा सुमार. मोंढ्यातला सौदा आटोपत आलेला असतो, आडतीवरचा पंखा घरघरत असतो आणि गादीवर टाकलेला फोन लागोपाठ तीनदा वाजतो. पहिला मेसेज सोयाबीनच्या भावाचा, दुसरा कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा, तिसरा भावकीतलं कुणीतरी गेल्याचा. टुंग मात्र तिन्ही वेळा तेच.

पोस्टमननं कार्ड टाकलं की आधी नजर कोपऱ्याकडं जायची. कोपरा फाटलेला, म्हणजे कुणीतरी गेलेलं; तो दिसला की अक्षर वाचायच्या आधीच घर गप्प व्हायचं. ते कार्ड घरात ठेवायचंही नाही, वाचलं की फाडून टाकायचं. हळदी-कुंकवाचं बोट लागलेलं असलं तर ते देवापुढं जायचं. निरक्षर म्हातारीलाही पत्राची जात लांबूनच कळायची.

व्हॉट्सॲपला कोपरा नाही. एका ग्रुपात १०२४ माणसं बसतात, म्हणजे अख्खी भावकी सोयऱ्यांसकट. त्यात 'दुःखद निधन'च्या खाली कुणीतरी अंगठा उठवतोच. पोरं हसतात, पण आजोबांच्या लेखी अंगठा म्हणजे 'कळलं, निघालो'. जन्मभर कागदावर अंगठा उठवलेल्या माणसाचं यात चुकलं तरी काय?

थोडा कोपरा करता येतो. भावकीचा ग्रुप उघडून वरच्या नावावर टिचकी मारायची, नोटिफिकेशनमध्ये जाऊन टोन वेगळा लावायचा. सकाळच्या फुलांचे ग्रुप म्यूट करायचे: आठ तास, आठवडा किंवा कायमचे. 'कायम' दाबायला हात धजत नाही, हा भाग वेगळा. पावणे काय म्हणतील!

सगळ्याला एकच माप लावायची खोड फोटोतही आहे. फुलांचा गुच्छ असो की सातबारा, ॲप दोन्ही सारखेच दाबून बारीक करतं. मग गट नंबरातला ३ आहे की ८, यावर तिकडं बँकेत खल चालतो. कागद पाठवायचा तर क्लिपचं चिन्ह दाबून 'डॉक्युमेंट' निवडावं. तशी फाईल आहे तशी पोचते, २ जीबीपर्यंत. फोटो म्हणून पाठवलं तर जागेची नोंदही पुसली जाते, तेव्हा पाण्यात गेलेल्या पिकाचा जीपीएसवाला फोटोही डॉक्युमेंट म्हणूनच द्यावा.

कुंकवाच्या बोटाची जागा आता चोरांनी घेतलीय. 'लग्नाला यायचं हं' म्हणत फाईल येते, आणि नावाच्या शेवटी असतं 'एपीके'. पत्रिका फोटोत येते, पीडीएफमध्ये येते, व्हिडिओत येते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते आत घेतलं आणि मागेल ती परवानगी दिली की बँकेचा ओटीपी परस्पर तिकडं जातो. ओळखीच्या नंबरावरून आली म्हणून भुलू नये. त्याचाही फोन त्याच पत्रिकेनं गेलेला असतो. हात पोळलाच तर आधी नेट बंद, मग बँकेला फोन, मग सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर १९३०.

पण या ॲपनं लिहिता न येणाऱ्याला जे दिलं, ते कार्डानं कधी दिलं नव्हतं. दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन बीडकडची जोडपी उसाला जातात, लेकरं आजीकडं राहतात. आजी माईक दाबून धरते, वर सरकवून लॉक करते आणि शेळी व्याल्यापासून लाईट गेल्यापर्यंत सगळं सांगते. पलीकडं फोन चार्ज नसला तर एकच करडी टिक. इकडं वाटतं लेक रुसली. रुसवा नसतो तो. निरोप नुसता फोनपर्यंत पोचलेला नसतो. तीस दिवस सर्व्हर तो धरून ठेवतो, नंतर टाकून देतो.

चार दिवसांनी, ट्रॅक्टर भरून झाल्यावर, कोपीत, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीत, फोन चालू होतो. तुंबलेलं सगळं एकदम टुंगटुंगत येतं. आजीचा आवाज सहा मिनिटांचा. मुकादमाची हाक येते, म्हणून लेक बोटानं वेग दोनवर नेते. शेळी, पाऊस, रेशन भराभर जातं. मधेच आजी काहीतरी सांगताना थांबते. पण दोनच्या वेगात ते थांबणं ऐकूच येत नाही.